तगरीवरचं गुंतवळ

आधीच सांगते, पाखरं बघत बसण्याइतकी रिकामटेकडी मी कधीच नव्हते. पहाटे जातं, मग शेण, मग पाणी, मग चूल. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला ‘बस गं जरा’ म्हणणारं कुणी नसतं, आणि ती आपण होऊन बसली तर ‘बसली बघा’ म्हणणारे दहा असतात. पण धुणं काही उभ्यानं होत नाही. मागच्या दारी न्हाणीच्या दगडाशी बसावंच लागतं. तिथे बसलं की समोर तगर. आणि त्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गडबडीच्या दुसऱ्या वर्षी, माघाच्या मध्यावर, त्या तगरीच्या खालच्या फांदीला शिंजिराच्या मादीनं घर बांधायला काढलं.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. लांब, पुढे वाकलेली चोच जास्वंदीच्या फुलात घालून मध पितं. नर उन्हात निळाजांभळा चमकतो. मादी मातकट, पोटाला जराशी पिवळी, कुणी वळून बघणार नाही अशी. पण काम सगळं तिचं. कोळ्याचं जाळं आण, सालीचा कपटा आण, अळीची लेंडी आण, ते सगळं एकात एक गुंतव. आणि हा बाबा काय करतो? शेवग्याच्या शेंड्यावर बसून ओरडतो. ‘बांध बये बांध,’ मी मनात म्हणायची, ‘पुरुषाच्या भरवशावर बसलीस तर पाऊस येईल.’ घर तरी कसलं? केरसुणीखालचा केर फांदीला अडकून लोंबतोय असंच कुणालाही वाटावं. दारावर मात्र तिनं इवलीशी पडवी काढली होती. कपडे आपटता आपटता माझा हात थांबायचा, तो त्या पडवीपाशी.

मी सगुणा. आमचं गाव थळच्या अलीकडे. पुढे भाताची खाचरं, मागे परसात नारळाची दहा-बारा झाडं. बाविसाव्या वर्षी माझा नवरा वारला. सासरच्यांनी वर्षश्राद्ध होईपर्यंत ठेवून घेतलं, मग भाऊबीजेला म्हणून माहेरी पाठवलं, ते न्यायला कुणी आलंच नाही. तेव्हापासून मी भावाकडे. भाऊ अंबाजी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. त्याला कडेवर घेऊन मी वाढवला, माझ्या कमरेचा तो भाग अजून दुखतो, खोटं नाही सांगत. तो मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. बाकी वर्षभर घरात मी आणि त्याची बायको रंगू.

रंगू वाईट नव्हती. तोंडानं तिखट होती, ती मीही आहे. दोनदा तिचे दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. दुसऱ्या वेळचं तर पौषात, चौथ्या महिन्यात गेलं. सगळं माझ्याच हातानं निस्तरलं. पाठोपाठ तिला हिवतापानं धरलं. ताप उतरला, आणि केस गळायला लागले. गुडघ्यापर्यंत केस होते हो तिचे! मला हेवा वाटायचा, कशाला लपवू? आता फणी घातली की मूठभर हातात यायचे. ती गप्पपणे त्यांची गुंडी करायची, तीनदा थू थू करायची आणि घरातूनच मागच्या कुडाच्या भेगेत खोल खुपसून ठेवायची. आपलं गुंतवळ परक्याच्या हाती लागू नये, त्यावर कुणी करणी करतं, हे आमच्याकडे परकऱ्या पोरीलाही ठाऊक असतं.

माणसाच्या हाती लागलं नाही. शिंजिरानं नेलं.

मी बघत होते. ती बया कुडाला उलटी लटकली, भेगेतून एक केस ओढला, हा एवढा लांब, आणि चोचीत धरून उडाली तर केस मागे झेंड्यासारखा तरंगतोय. मला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं असेल! मग रोज नेऊ लागली. वाळत घातलेल्या माझ्या फाटक्या लुगड्याचे दोरेही नेले. केस आणि दोरे, सगळं त्या घरट्याला गुंडाळलं.

तेव्हाच रंगूला हाक मारून दाखवायला हवं होतं. ‘बघ गं, तुझ्या केसांचं काय झालं.’ संपलं असतं. पण मी सांगितलं नाही. एक तर तिनं घाबरून ते काठीनं पाडायला लावलं असतं. आणि दुसरं असं, की त्या घरात माझं म्हणून काही नव्हतं. जेवायचं ताटसुद्धा आधी दुसऱ्याचं असायचं. तेवढं एक पाखरू मला एकटीला ठाऊक होतं. म्हणून गप्प बसले. हे माझं चुकलं, आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

शिमग्याच्या तीन-चार दिवस आधी अंडी फुटली. आत डोकावून मी बघितलं नाही, पण बयेच्या फेऱ्या वाढल्या, चोचीत मधाऐवजी किडे यायला लागले, तेव्हा कळलं. होळीच्या आदल्या दिवशी अंबाजी बोटीनं आला. धुळवडीला रंगूची आई मनुबाई लेकीला बघायला आली. मनुबाई म्हणजे कसली बाई! एका डोळ्यानं लेकीसाठी रडायची आणि दुसऱ्यानं घरात किती तांदूळ आहे ते बघायची. पण लेकीवर जीव होता तिचा, ते नाकारत नाही. रंगूची वाळलेली मान आणि विरळ झालेला अंबाडा बघून ती त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूळ भरायला मागच्या दारी गेली, आणि तिथून जी किंकाळी आली ती मी पुढच्या ओटीवर ऐकली.

“अगं आई गं! माज्या लेकीचे केस! माज्या लेकीचे केस टांगलेत हो!”

आम्ही धावलो. शेजारच्या चार बायका कुंपणावरून डोकावल्या, मग आतच आल्या. तगरीच्या फांदीला ते लोंबत होतं आणि वाऱ्यावर रंगूचे लांब केस हलत होते. रंगू दाराला धरून उभी होती, तिचा रंगच उडाला.

“मनुबाई, ते घरटं हाय,” मी म्हटलं. “शिंजिराचं. आत पिल्लं हायत.”

“घरटं? घरट्याला बाईचे केस कशाला लागतात? आन् ह्ये दोरे? ह्ये लुगडं कुणाचं गं?”

सगळ्यांनी ते दोरे बघितले. मग माझ्या अंगावरचं लुगडं बघितलं. तेच लुगडं होतं. दुसरं होतंच कुठे?

मी पुढे होऊन दाखवायला हात केला तर मनुबाईनं मला मागे ओढलं. “हात लावू नको! लावशील तर तूच बांधलंस असं समजेन!”

आता यातली गोम सांगते, म्हणजे मी किती अडकले ते कळेल. आमच्याकडे मानतात की करणीला तिसऱ्यानं हात लावला तर ती त्याच्यावर उलटते. तिला एक तर भगतानं जाळावं, नाहीतर जिनं बांधली तिनंच आपल्या हातानं सोडावं. म्हणजे कुणी त्या घरट्यात डोकावून बघणार नाही. आणि मी डोकावले तर मीच चेटकीण. घ्या! देवानं पण इतका पक्का फास कधी बांधला नसेल.

“लांब व्हा सगळे,” मी म्हटलं. “घरात जाऊन फटीतून बघा. तुमी हितं उभे तर पाखरू येनार कसं?”

“वा गं शहाणी! आमी आत जायचं आन् मागं तू ते काढून फेकायचं!”

शेवग्यावर ती बया बसलेली होती, चोचीत हिरवी अळी, चिटचिट ओरडत होती. मी बोट दाखवलं. “ते बघा, तीच. पिल्लांना चारायला आलीय.” सगळ्यांनी वर बघितलं. शेवग्यावर एक पाखरू बसलं होतं. शेवग्यावर पाखरू बसतंच, त्यात काय सिद्ध होतं?

मनुबाईनं शेजारच्या गड्याला पलीकडच्या गावी भगताला आणायला पिटाळलं. दिवस कलला की येतो, असा भगताचा निरोप आला. तोवर मनुबाई तगरीसमोर पाट टाकून राखणीला बसली, आणि बायका तिच्यासोबत. उन्हं डोक्यावर आली. मी उंबऱ्यात बसून होते. त्या दिवशी मला कुणी काम सांगितलं नाही. पाण्याच्या हंड्याला हात लावायला गेले तर एक बाई म्हणाली, “राहू दे, आमी भरतो.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा हंडा भरला, आणि का भरला ते मला पुरतं कळत होतं.

भगत आला की काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तो तांदळाचे दाणे टाकतो, घुमतो, आणि घरातलं एक नाव घेतो. ते नाव पोरंबाळं असलेल्या सवाष्णीचं कधीच येत नाही. आदल्या साली वरच्या आळीतली एक बाई अशीच वेशीबाहेर काढली, ती कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. मला सासर नव्हतं. हे घर गेलं तर मला समुद्र होता आणि रस्ता होता. मी घाबरले होते. हो, घाबरले होते.

आणि एकीकडे ती पिल्लं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. ती बया शेवग्यावरून जास्वंदीवर, जास्वंदीवरून शेवग्यावर, माणसांची भिंत बघून परत फिरायची. एकदा तर तिनं चोचीतली अळी खाली टाकली आणि नुसतीच ओरडत राहिली.

अंबाजी सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता. मला वाटलं, बरंच आहे, पुरुषानं बायकांच्या भांडणात पडू नये. मला वाटलं, वेळ आली की तो उठेल आणि म्हणेल, ‘माझी आक्का असलं करणार नाही. चला, उठा सगळ्या.’ एवढंच. त्याला पाखरातलं कळायची गरज नव्हती. मी कशी आहे ते माहीत असलं तरी पुरे होतं.

तो उठला. मला म्हणाला, “आक्का, जरा इकडं ये.” मी त्याच्यामागून गोठ्यात गेले.

“तुला मी काय बोलत न्हाय,” तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. “तू लई सोसलंस. मला ठाव हाय. मान्साच्या मनात येतं कदी कदी.”

“काय येतं?”

तो खाली गवताकडे बघत होता. “भगत यायच्या आधी सोड ते. तुज्या हातानं सोड. मी या सगळ्यांना कायतरी सांगून आत घेतो. कुनाला कळनार न्हाय. मी कंदी विषय काडनार न्हाय पुन्ना. आईशप्पथ.”

आईची शपथ! आई त्याला आठवतसुद्धा नाही. त्याला आई म्हणून जे काही आठवत असेल ते माझं तोंड असेल. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, हात उगारला असता, तर मी दोन शिव्या परत दिल्या असत्या आणि विसरले असते. पण तो माझ्यावर माया करत होता. मी ते केलंय हे त्यानं मनात पक्कं धरलं होतं, आणि वर मला सांभाळून घेत होता. त्या मायेनं माझ्या अंगाची लाही झाली. असलं सांभाळणं जळो.

“बरं,” मी म्हटलं.

तशीच बाहेर आले. कुणाला आत घ्यायची वाट बघितली नाही. सरळ तगरीपाशी गेले आणि ती फांदी कडकन मोडली. बायका ओरडल्या, मनुबाई पाटावरून मागे कोलमडली. मी कुडाला टेकवलेलं सूप ओढलं, घरटं त्यात ठेवलं, सूप मनुबाईच्या पायांशी आपटलं आणि घरट्याचं तोंड बोटांनी फाडलं.

“ही घ्या करणी!”

आत दोन पिल्लं होती. पिसं नुकती फुटत होती, डोळे किलकिले. उजेड लागला तशी दोघांनी चोची उघडल्या, आई आली असं वाटलं असेल त्यांना. आवाज काही निघाला नाही, एवढी ती गळून गेली होती.

मग एक बाई पुढे वाकून म्हणाली, “अगं बाई, खरंच की. पाखरं!” आणि हसली. तिचं बघून दुसरी हसली. मनुबाईसुद्धा छातीवर हात ठेवून, “आई गं, जीव गेला व्हता माजा,” असं म्हणत हसायला लागली. सगळ्या हसत होत्या. इतकं हलकं वाटलं त्यांना! मी त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघत उभी होते, आणि मला तिथेच मातीत आडवं व्हावंसं वाटत होतं. इतकी मी दमले होते.

हसली नाही ती एकटी रंगू. ती दारातून आली. पौषापासून ती अंगणात उतरली नव्हती, पण आली, आणि सुपापाशी बसली. सकाळपासून ज्याला बघून तिचे दात वाजत होते ते तिनं उचललं आणि ओंजळीत धरलं.

“वन्स,” ती म्हणाली, “ह्ये काय केलंत? ही काय दाखवायची चीज हाय? बारकी पोरं ती.”

तिनं खरं तेच विचारलं होतं. सबंध दिवसात माझ्यावर खरा ठपका कुणी ठेवला असेल तर तो तिनं.

तिनं पदराची दशी काढली. “वरची फांदी धरा,” म्हणाली. मी धरली. फाटलेलं तोंड तिनं जुळवलं, दशीनं घरटं फांदीला गुंडाळून गुंडाळून बांधलं. मग ती वळली आणि आपल्या आईवर जी ओरडली! “आत चला! सगळ्या आत चला! भगताला वाटेतूनच परत लावा, आन् त्या दाराशी कुनी तोंड दावलं तर याद राखा!”

सगळ्या गेल्या. अर्ध्या घटकेत बया परत आली. रंगूनंच मला फटीतून बघायला बोलावलं, “आली, आली, वन्स, चारतेय,” असं कुजबुजून. मी उठले नाही. भिंतीला टेकून बसले होते, तशीच बसून राहिले. संध्याकाळी अंबाजीनं विचारलं, “आक्का, आज भाकरी न्हाय का?” मग उठले आणि चूल पेटवली.

सकाळी तगरीखाली एक पिल्लू मरून पडलेलं होतं. मुंग्या लागल्या होत्या. उपाशी गेलं, की मी फाडलेल्या तोंडातून रात्री पडलं, ते मला सांगता येत नाही. माझ्या हातून गेलं, असंच मी धरते. मी माझा जीव वाचवायला ते घरटं मोडलं नव्हतं. भगताची भीती तर तोवर कुठल्या कुठे गेली होती. अंबाजीच्या त्या मऊ आवाजाचा राग मी त्या पाखरावर काढला. दुसरं पिल्लू जगलं. आठव्या-नवव्या दिवशी ते बाहेर येऊन फांदीवर बसलं, तेव्हा मी आणि रंगू दोघी धुण्याच्या दगडाशी होतो. ती आता माझ्याबरोबर धुवायला बसायची. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही, पण घरात नवं लुगडं आलं ते तिनं आधी माझ्या हातात ठेवलं.

मनुबाई जाताना म्हणाली, “रागावू नको गं सगुणे, मी आई पडले.” तिच्यावर मी रागावलेही नाही. तिच्या लेकीचे केस होते. तिच्या जागी मी असते तर मीही किंचाळले असते.

अंबाजी चौथ्या दिवशी मुंबईला निघाला. रेवसच्या धक्क्यावर सकाळची बोट गाठायची होती, म्हणून उजाडायच्या आतच आवरून उभा. वळकटी काखेत, डबा हातात. माझ्या पाया पडला. दर वेळी पडतो, पण त्या वेळी वाकला तो लवकर उठेना.

“आक्का,” तो म्हणाला, “त्या दिवशीचं मनात काय ठेवू नको.”

मी त्याच्याकडे बघितलं. गोठ्यात त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं, आता बघत होता. बोट चुकेल म्हणून पाय घाईत होते, आणि डोळे माझ्या तोंडाला चिकटलेले.

“न्हाय ठेवलं,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो हसला, वळकटी सावरली आणि झपाझप वाटेला लागला. याला आता चार वर्षं झाली. त्या दिवशी सकाळपासून मी जे जे खरं सांगत होते, त्यातलं एकही अक्षर त्याला पटलं नव्हतं. त्या सगळ्या प्रकारात मी खोटं बोलले ते हे एकदाच, आणि ते त्याला लगेच पटलं.